प्रचारकाचं घर कोण चालवतं? : कृष्णराव भालेकर, ‘दीनबंधु’ आणि जुन्नरचा शेतकरी

निवडणूक आली की मंचरच्या चौकात आणि नारायणगावच्या स्टँडबाहेर फ्लेक्स लागतात, मोबाइलवर गाणी फिरायला लागतात. ही गाणी, त्या घोषणा, ‘आपला माणूस’ वगैरे शब्द उमेदवाराला स्वतःला सुचलेले नसतात हे आता शेंबडं पोरही सांगेल. त्यामागे एक माणूस असतो. पुण्यात किंवा मुंबईत बसलेला. कोणाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि काय मुळीच सांगायचं नाही, हे तो ठरवतो. त्याचे पैसे उमेदवार देतो, त्यामुळे त्याचं घर चालतं.

आता मला दीडशे वर्षं मागं जायचंय. हेच काम तेव्हा कोण करत होतं आणि त्याचं घर कशावर चालत होतं? आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

माणूस आहे कृष्णराव पांडुरंग भालेकर. जन्म 1850, गाव भांबुर्डे. म्हणजे आजचं पुण्यातलं शिवाजीनगर. तेव्हा ते नदीपलीकडचं वेगळं खेडं होतं. 24 सप्टेंबर 1873 ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हा भालेकर तेवीस वर्षांचे. समाजाचं पहिलं काम होतं ते सभा, भाषणं आणि ब्राह्मण पुरोहित न बोलावता लावलेली लग्नं. पण सभा ऐकणार किती? शे-दोनशे माणसं. जुन्नरच्या शेतकऱ्याला पुण्यातल्या सभेचं काय? आणि पुण्यात छापखाने, शाळा, वर्तमानपत्रं सगळी दुसऱ्यांच्या हातात. 1874 पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघत होती आणि तिच्यात फुल्यांच्या लिखाणाची यथेच्छ टिंगल चालली होती. उत्तर द्यायला जागाच नव्हती.

ती जागा भालेकरांनी तयार केली. 1 जानेवारी 1877 ला त्यांनी पुण्यातून ‘दीनबंधु’ साप्ताहिक सुरू केलं. बहुजन समाजातल्या माणसानं बहुजन समाजासाठी काढलेलं हे पहिलं वर्तमानपत्र मानलं जातं. मुहूर्त बघा कसला! 1876-77 चा दुष्काळ ऐन भरात. माणसं गाव सोडून चाललेली, जनावरं मेलेली. वर्गणी मागायला जायचं ते कोणाच्या दारात? ज्याच्यासाठी पत्र काढलं त्याच्याच घरात दाणा नाही. आणि बहुतेकांना वाचता येत नाही, हा वेगळाच मुद्दा. गावात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणारे पन्नास असले तरी वर्गणी एकाचीच येणार. वर्तमानपत्राच्या हिशेबात याहून वाईट गिऱ्हाईक सापडणार नाही.

‘दीनबंधु’ पुण्यात तीन वर्षं टिकलं. तीन वर्षं ही कमी वाटतात, पण मला उलट वाटतं. ते तीन वर्षं चाललं कसं, याचंच नवल करायला हवं. भालेकरांच्या पाठीशी संस्थानिक नाही, सावकार नाही, वकिलांचा गोतावळा नाही. छापखान्याचा खर्च मात्र दर आठवड्याला. ते स्वतः ठेकेदारीची कामं करून पोट भरत. फुलेही ठेकेदारच होते, हे आपण विसरतो. सत्यशोधकांच्या चळवळीला पहिला मोठा पैसा दिला तो रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार अशा मुंबईतल्या तेलुगू कंत्राटदारांनी. सरकारी बांधकामातला पैसा सरकारी कचेऱ्यांतल्या मक्तेदारीविरुद्ध वापरला जात होता. गंमतच आहे.

1880 मध्ये पत्र मुंबईला गेलं आणि इथं दुसरा माणूस येतो, नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848, ठाण्याला. पण घराणं मूळचं कन्हेरसरचं, खेड तालुक्यातलं. म्हणजे आंबेगावच्या शेजारचंच. मुंबईत मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते. ती नोकरी सोडून रामजी संतूजी आवट्यांच्या साथीनं त्यांनी ‘दीनबंधु’ हातात घेतलं. भालेकरांना जे जमलं नाही ते लोखंड्यांना का जमलं? मला वाटतं, जागा बदलल्यामुळे. खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली माणसं घाट उतरून मुंबईला कामाला जात होती. ओतूर तर माळशेजच्या वाटेवरच. गिरणीतल्या माणसाच्या हातात महिन्याला रोख पगार पडतो, गावातल्या शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. वाचक तोच, पण मुंबईत त्याच्या खिशात दोन पैसे होते.

लोखंडे किती मोठे झाले ते आपल्याला माहीत आहे. 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी. पण आज मला त्यांच्या एका वेगळ्याच निर्णयाबद्दल बोलायचंय.

1883 मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. शेतकरी नागवला जातो तो कसा, भटजी, सावकार, कुळकर्णी, कलेक्टर, पाटबंधारे खातं, सगळे एका माळेत. त्याचे पहिले दोन भाग लोखंड्यांनी ‘दीनबंधु’त छापले. पुढचे छापले नाहीत. थांबवले. कारण उघड होतं. असुडाचा फटका आता सरकारवर बसत होता. फुले असे चिडले की त्यांनी पुस्तकातच त्या संपादकाला भित्रा ठरवून टाकलं. आपल्याच पत्राचा संपादक, आपलाच सहकारी!

(श्रोत्यांतून प्रश्न : मग चूक कोणाची?)

चांगलं विचारलंत. लोखंडे भित्रे होते असं मला म्हणवत नाही. गिरणीमालकांसमोर हजारो कामगार उभा करणारा माणूस तो. पण तेव्हा त्यांच्यापुढे दुसरं गणित होतं. कामगारांची दाद लागायची ती सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे. त्याच सरकारला असुडाचे पुढचे भाग दाखवायचे का? आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बसून आले होते. त्यांच्या जामिनाची दहा हजारांची सोय फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी केली होती. म्हणजे संपादकाच्या एका चुकीची किंमत काय, हे या मंडळींनी जवळून पाहिलं होतं. ‘दीनबंधु’ला असा जामीन कोण राहणार होतं? तरीही माझं मत विचाराल तर फुले बरोबर होते. काय सांगायचं नाही हे ठरवण्याचा हक्क प्रचारकाला असतो, पण ज्याच्या नावानं पत्र चालतं त्या शेतकऱ्याचंच गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडायचं म्हणजे फार झालं.

आणि त्याच सुमाराला शेतकरी काय करत होता? तो इथं, या तालुक्यात, संपादकाच्या पुढं निघून गेला होता. 1880 च्या दशकात ओतूर आणि जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांनी ग्रामजोशाला न बोलावता लग्नं लावायला सुरुवात केली. जोशी म्हणाले, न बोलावलंत तरी आमचं वतन आहे, दक्षिणा द्या. प्रकरण कोर्टात गेलं. 1886 मध्ये फुल्यांना ग्रामजोशांसंबंधी ‘जाहीर खबर’ छापून काढावी लागली. विचार करा, आपल्या पोरीचं लग्न आपल्या अंगणात लावलं म्हणून कोर्टाची पायरी चढायची. पुण्या-मुंबईत जो शब्द छापला जात होता, त्याचं इथं असं भांडण झालं होतं, घराच्या दारात, मांडवात. घोषणा नव्हती ती. पैसे गेले, वेळ गेला, गावात वैर झालं.

आता परत भालेकरांकडे येतो, कारण त्यांना मागं सोडून आपण पुढं निघून आलो, आणि इतिहासानंही तेच केलं. ते गप्प बसले नव्हते. 1884 मध्ये त्यांनी ‘दीनबंधु सार्वजनिक सभा’ काढली. पुण्याच्या सार्वजनिक सभेला उत्तर म्हणून. नावातच टोमणा आहे. फुल्यांशी मतभेद झाले. 1888 मध्ये ‘बळीबा पाटील’ ही 1877 च्या दुष्काळावरची कादंबरी ‘दीनबंधु’त आली, म्हणजे आपण काढलेल्या पण आता दुसऱ्याच्या झालेल्या पत्रात ते लेखक म्हणून लिहीत होते. पुढे ‘शेतकऱ्यांचा कैवारी’ काढलं. एक बंद पडलं की दुसरं. अशा माणसाच्या घरातल्यांचं काय होत असेल, हे प्रत्येक पत्रकाराच्या घरच्यांना विचारा.

त्यांना 1885 मध्ये मुलगा झाला, मुकुंद. हा मुलगा नगर जिल्ह्यातल्या तरवडीच्या पाटलांकडे दत्तक गेला. तो भालेकर राहिला नाही, मुकुंदराव गणपतराव पाटील झाला. आपल्याकडे दत्तकाचा विषय निघाला की पाटीलकी, जमीन, वारस एवढंच बोललं जातं. पण या घराकडे बघा. गणपतराव पाटलांनीही 1888 मध्ये ‘दीनमित्र’ नावाचं मासिक काढलं होतं आणि तेही बंद पडलं होतं. म्हणजे पोराला जन्मदात्याकडून एक बंद पडलेलं पत्र आणि दत्तक बापाकडून दुसरं बंद पडलेलं पत्र वारशात मिळालं. फरक इतकाच, की दुसऱ्या घरात शेती होती.

1910 मध्ये कृष्णराव भालेकर वारले. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, पंचवीस वर्षांच्या मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ पुन्हा सुरू केलं, यावेळी साप्ताहिक म्हणून. आणि कुठून? पुण्यातून नाही, मुंबईतून नाही. खेड्यातून. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. सगळ्यांनी वेड्यात काढलं असणार. पण बापाला जे उमगलं नाही ते पोराला उमगलं होतं. शहरातला खर्च नाही, घरचं धान्य आहे, तर एखाद्या महिन्यात वर्गणी आली नाही म्हणून अंक अडत नाही.

शिवाय ऐकणाऱ्याचा कान त्यांना माहीत होता. 1913 मध्ये त्यांनी ‘कुळकर्णी लीलामृत’ लिहिलं, ते ओवीत. पोथीच्या थाटात. ज्या घरात श्रावणात पोथी लावायची सवय आहे, तिथं हीच पोथी लावा आणि कुळकर्ण्याच्या दप्तरातल्या करामती ऐका. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोचायची ही रीत. भालेकरांनी 1877 मध्ये जो पेच सोसला, एक वाचणारा आणि पन्नास ऐकणारे, तोच मुलानं उपयोगाला लावला.

मुकुंदराव 1967 मध्ये गेले, तोपर्यंत ‘दीनमित्र’ चालू होतं. सत्तावन्न वर्षं.

काही प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेत ओतूरची मंडळी दिसतायत, त्यांच्यापासून सुरुवात करू.