डर्ट बाईक की ड्युअल-स्पोर्ट : फाटा कुठे फुटला?

"डर्ट बाईक घेऊ की ड्युअल-स्पोर्ट?" हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर ऑफिसात कुणीतरी विचारतंच. मग चर्चा थेट सीसी, पॉवर आणि वजनावर जाते. माझ्या मते सुरुवातच तिथून करू नये. या दोन गाड्या मुळात वेगळ्या का झाल्या हे बघितलं, की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

पूर्वी हा भेद इतका ठळक नव्हता. कॅलिफोर्नियातले हौशी लोक ट्रायम्फसारख्या जड ब्रिटिश गाड्यांचे दिवे-बिवे उतरवून त्या वाळवंटात पळवायचे. १९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर होंडाच्या २५० सीसी स्क्रॅम्बलर घेऊन मेक्सिकोतल्या तिहुआनाहून ला पाझला निघाले. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता कच्चा. एकिन्सने ते चाळीस तासांच्या जरा आतच कापलं. पुरावा काय? निघताना आणि पोचल्यावर केलेल्या तारा!

मग १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली. २४६ सीसी टू-स्ट्रोक, वजन ११० किलोच्या आसपास, दिवे लावूनच मिळणारी. सोमवारी कामावर न्या, रविवारी डोंगरात. आणि शर्यतीत उतरायचं असेल तर कंपनीच इंजिन ट्यून करायचं किट विकायची. म्हणजे बघा, एकच गाडी, दोन जन्म.

फाटा फुटला तो सत्तरच्या दशकात. १९७३ साली हाकन अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉक गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि सस्पेन्शनची चढाओढ लागली. चाकाला वरखाली व्हायला पूर्वी जेमतेम १० सेंटीमीटर जागा असायची, ती दहाएक वर्षांत ३० च्या घरात गेली. त्यातच अमेरिकेत १९७८ पासून रस्त्यावरच्या मोटरसायकलींना धुराचे नियम लागले. निव्वळ शर्यतीच्या गाड्या त्यातून सुटल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडचे दोन फोर्क झाले आणि ते पुन्हा मर्ज झाले नाहीत. एकीने दिवे, बॅटरी, आरसे सगळं टाकून दिलं. दुसरीने ते सगळं अंगावर वागवलं.

मग दुसरी हरली का? छे! १९७८ च्या २६ डिसेंबरला पहिली पॅरिस-डकार रॅली निघाली. ती जिंकली सिरिल नेव्हूने, यामाहा एक्सटी-५०० वर. १९८० ला परत तोच, त्याच मॉडेलवर. चार-स्ट्रोक, साधी, एकाच सिलिंडरची गाडी. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर ती टिकली नसती, पण सहारा म्हणजे ट्रॅक नव्हे. तिथे रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचावं लागतं.

माझा मुद्दा नेमका हाच. डर्ट बाईकच्या डिझाइनमध्ये एक गृहीतक दडलेलं आहे : तिला मातीपर्यंत कुणीतरी नेणार आणि परतही आणणार. पिकअप, हत्यारांची पेटी, सोबत दोन मित्र. म्हणून तर तिचा मेंटेनन्स किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. ड्युअल-स्पोर्टचं गृहीतक उलटं : तुम्हाला घरी आणायची जबाबदारी तिची.

आपल्याकडे तर कायदाही आडवा येतो. रजिस्ट्रेशन नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. नंबरप्लेट नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. घाटात कुणाला धक्का लागला तर काय, याचा विचार करा. माझ्या ओळखीतल्या एकाने बरेच पैसे घालून मोटोक्रॉस गाडी घेतली. ट्रॅक लांब, न्यायला टेम्पो हवा. वर्षभर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी आहे.

गंमत म्हणजे डीटी-१ ची ती जुनी युक्ती इथेही दिसली. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ती फारशी चालली नाही. २०१९ ला एक्सपल्स २०० आली, आणि पुढे तिच्यासाठी रॅली किटही आलं : लांब सस्पेन्शन, खडबडीत टायर. अर्थात तिचं वजन दीडशे किलोच्या पुढे आणि ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी ११० च्या आसपास. चिखलात आडवी झाली की हे चाळीस किलो चांगलेच जाणवतात, यात वादच नाही.

तेव्हा ट्रॅक जवळ असेल, गाडी वाहून न्यायची सोय असेल आणि शिकायचं असेल, तर बिनधास्त डर्ट बाईक घ्या. तिच्यासारखी शिक्षिका नाही. पण तुमच्या रविवारात थोडा हायवे, थोडा घाट, थोडी शेताकडेची वाट आणि सोमवारी सकाळी नऊची मीटिंग असेल, तर ड्युअल-स्पोर्ट. शोरूममध्ये सीसी विचारण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : संध्याकाळी हिला घरी कोण आणणार?