नाउरू : एका धावपट्टीची किंमत

१/ प्रशांत महासागरातील नाउरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे प्रजासत्ताक. त्याचे एकमेव विमानतळ यारेन येथे आहे. धावपट्टीच्या एका अंगाला समुद्र, तर दुसऱ्या अंगाला रस्ता आणि रस्त्यापलीकडे संसद. ही धावपट्टी मात्र नाउरूच्या लोकांसाठी बांधली गेली नव्हती.

२/ बेटाच्या मध्यभागी फॉस्फेटचे पठार आणि भोवती सपाट किनाऱ्याचा अरुंद पट्टा. वस्ती आणि नारळाची झाडे याच पट्ट्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्याने बेट ताब्यात घेतले. विमाने उतरवण्यासाठी त्याला हवी असलेली जमीनही नेमकी तीच होती.

३/ नाउरूवासीयांना आणि बाहेरून आणलेल्या कोरियन मजुरांना सक्तीने कामाला जुंपण्यात आले. जानेवारी १९४३ पर्यंत धावपट्टी वापरण्याजोगी झाली.

४/ आता बेट अमेरिकन बॉम्बफेकीचे लक्ष्य बनले. मार्च १९४३ मधील मोठ्या हल्ल्यानंतर जपान्यांनी प्रशासक फ्रेडरिक चाल्मर्स यांच्यासह पाच ऑस्ट्रेलियन कैद्यांना ठार केले.

५/ सैनिक आणि मजूर वाढले, अन्न मात्र अपुरे पडू लागले. त्याच वर्षी सुमारे १,२०० नाउरूवासीयांची रवानगी कॅरोलाइन बेटांतील ट्रक येथे झाली. बेटावरील ३९ कुष्ठरुग्णांना तर नावेत बसवून समुद्रात बुडवण्यात आले.

६/ ३१ जानेवारी १९४६ रोजी ट्रकहून जहाजाने परतले ते केवळ ७३७ जण. समाज म्हणून तग धरण्यासाठी किमान १,५०० लोकसंख्या हवी, असे नाउरूत मानले जाई. १९३२ मध्ये गाठलेला हा आकडा युद्धाने हिरावला; तो पुन्हा गाठायला १९४९ साल उजाडले. त्याच आनंदाचा ‘अंगाम दिन’ दरवर्षी २६ ऑक्टोबरला साजरा होतो.

७/ स्वातंत्र्यासाठी नाउरूने निवडलेली तारीख होती ३१ जानेवारी १९६८, म्हणजेच परतीचा दिवस. १९७० मध्ये देशाची स्वतःची विमानसेवा सुरू झाली, फॉस्फेटच्या पैशावर. फॉस्फेट आटले, कर्ज थकले आणि डिसेंबर २००५ मध्ये उरलेले एकमेव विमानही जप्त झाले. पुढे सेवा पुन्हा उभी राहिली.

८/ आजही नाउरूला विमानाने जायचे, तर उतरावे लागते याच किनारपट्टीवर. ज्यांच्या सक्तीच्या श्रमांतून ती सपाट झाली, त्यांतील अनेकांना परतीचा प्रवास लाभला नाही.