तंबाखू उद्योगातील दडविलेले सत्य : कादंबरी आणि इतिहास

एडेल मायर्स यांच्या 'द टोबॅको वाइव्ज' (२०२२) या कादंबरीत १९४६ मधील नॉर्थ कॅरोलायनातील एका काल्पनिक गावात शिवणकाम करणाऱ्या १५ वर्षांच्या मॅडीला, सिगारेटचे दुष्परिणाम मालकांना ठाऊक असल्याचे कळते. प्रत्यक्षात धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दर्शविणारी वाइंडर-ग्रॅहॅम आणि डॉल-हिल यांची संशोधने १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकी कंपन्यांनी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत निवेदन देऊन या संबंधास पुरावा नसल्याचे भासविले. ज्या गावाची चूल तंबाखूवर पेटते, तेथे सत्य उच्चारणे म्हणजे आप्तांच्या उपजीविकेवर घाव घालणे होय. मॅडीचे प्रौढ होणे याच पेचातून घडते. कंपन्यांनी सत्य कसे दडविले हे कागदपत्रांतून कळते. गावाने मौन का पाळले, हे उमगण्यास मात्र अशी कादंबरी साहाय्यभूत ठरते.