सुएझच्या काठावर : इस्रायलच्या दक्षिण कमांडची सहा वर्षे

जून १९६७ मध्ये इस्रायलच्या दक्षिण कमांडचे रणगाडे सिनाईचे वाळवंट ओलांडून सुएझ कालव्याशी येऊन थांबले. वेगाने जिंकलेल्या या सैन्यावर आता दीडशेहून अधिक किलोमीटरचा काठ राखण्याची पाळी आली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पलीकडून इजिप्तच्या तोफांचा भडिमार झाला, माणसे पडली आणि वादाला तोंड फुटले.

लष्करप्रमुख हाईम बार-लेव्ह यांना पाण्यालगतच ठाणी हवी होती. इजिप्तने काठाची एखादी पट्टी बळकावली आणि लगेच युद्धबंदी लादली गेली, तर ती पट्टी कायमची जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. आराखडा केला अव्राहम आदान यांनी. ते स्वतः रणगाडादलातले. एरिएल शॅरॉन आणि इस्रायल ताल या सेनानींचा याला विरोध होता. काठावर गस्त पुरे, रणगाडे तोफांच्या पल्ल्याबाहेर ठेवा आणि शत्रू उतरला की तुटून पडा, असे त्यांचे म्हणणे.

ठाणी उभी राहिली. सिनाईतल्या इजिप्शियन रेल्वेचे रूळ उखडून छतांवर घातले. त्यावर जाळीच्या पिंजऱ्यांत भरलेले दगड रचले, म्हणजे गोळा वरच फुटावा. पुढे वाळूचा उंच बांध. १९६९-७० च्या तोफयुद्धात या छतांनी अनेकांचे जीव वाचवले, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

मग शॅरॉनच दक्षिण कमांडचे प्रमुख झाले आणि १९७० च्या युद्धबंदीनंतर जवळपास निम्मी ठाणी बंद झाली. माझ्या मते खरा घात इथे झाला. उरलेल्या ठाण्यांत शत्रूला अडवण्याइतकी माणसे नव्हती. पण त्यांना सोडवायला रणगाड्यांनी धावावे, इतकी होती. वाद मिटलाच नाही, दोन्ही मते अर्धी-अर्धी अमलात आली.

६ ऑक्टोबर १९७३, इजिप्तने हल्ला केला. ठाण्यांत साडेचारशेच्या आसपास सैनिक, बरेचसे राखीव दलातले. इजिप्तच्या अभियंत्यांनी पंपांच्या पाण्याच्या झोताने बांध फोडले. सिनाईतल्या रणगाडा-डिव्हिजनचे प्रमुख अल्बर्ट मँडलर यांचे रणगाडे रात्रभर ठाण्यांकडे धावत राहिले आणि इजिप्शियन पायदळाच्या सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांना, आरपीजींना बळी पडले. तीनशेच्या आसपास रणगाड्यांपैकी सकाळी लढण्याजोगे उरले सुमारे एक तृतीयांश. ठाणी सोडायची परवानगी आली तेव्हा बहुतेकांना वेढा पडला होता. टिकले फक्त उत्तरेचे ‘बुडापेस्ट’, एकीकडे भूमध्य समुद्र आणि दुसरीकडे दलदल असलेले.

पण चपळ लढाईचा पक्षही निर्दोष ठरला नाही. ८ तारखेचा आदान यांचा प्रतिहल्ला फसला, कारण पायदळ आणि पुरेशा तोफांविना रणगाडे एकटेच पुढे गेले. रणगाडा एकटाच पुरेसा आहे, ही ताल रणगाडादलाचे प्रमुख असल्यापासून मुरलेली समजूत होती. १५ च्या रात्री शॅरॉन यांच्या तुकड्या देव्हरस्वारजवळ कालवा ओलांडून गेल्या, तेव्हा वाट काढायला छत्रीधारी सैनिक लागले. मागोमाग उतरलेल्या आदान यांनी इजिप्तच्या तिसऱ्या सैन्याला वेढले. युद्धानंतर रणगाडा-ब्रिगेडींच्या जोडीला पुन्हा यांत्रिक पायदळ आणि तोफखाना देण्यात आला.