लिनक्समधील वापरकर्ता-सेवा : एक संज्ञा आणि एक अधिकार

जालना औद्योगिक वसाहतीतील एखाद्या पोलाद कारखान्यात वजनकाट्याच्या नोंदी साठविणारी आज्ञावली रात्रंदिवस चालू असावी लागते; कारकून पाळी संपवून गेला तरी तिने थांबून चालत नाही. संगणकाच्या पार्श्वभूमीवर अशा रीतीने अव्याहत चालणाऱ्या आज्ञावलीस 'डीमन' म्हणतात. १९६३ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ही संज्ञा योजिली. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने कल्पिलेला, रेणूंची अविश्रांत निवड करणारा द्वारपाल हे तिचे मूळ. ग्रीक मूळ शब्दाला दुष्टतेचा अर्थ अनिवार्यपणे चिकटलेला नाही. आपला 'राखणदार' हाच त्याला अधिक जवळचा होय.

हा राखणदार प्रारंभी यंत्राचा होता, व्यक्तीचा नव्हे. १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्समध्ये सेवा स्थापन करण्याचा अधिकार मुख्यतः व्यवस्थापकाकडे असे. सामान्य वापरकर्त्यास 'नोहप' ही आज्ञा उपलब्ध झाली. दूरध्वनीची जोडणी तुटली तरी काम थांबू नये, एवढाच तिचा आशय. काम मध्येच बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याची तरतूद तीत नव्हती.

२०१० मध्ये लेनर्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी पुढे आणलेल्या 'सिस्टमडी'ने पुढे प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र सेवाव्यवस्थापक दिला. कोणती आज्ञावली चालवावयाची आणि ती बंद पडल्यास काय करावयाचे, हे सांगणारी लहानशी फाईल वापरकर्त्याने आपल्याच खात्यात ठेवावी आणि 'सिस्टमसीटीएल' आज्ञेस 'युजर' हा पर्याय जोडून सेवा सुरू करावी; त्यास व्यवस्थापकाची अनुज्ञा लागत नाही. मात्र वापरकर्त्याचे अखेरचे सत्र संपताच हा सेवाव्यवस्थापकही, आणि त्याबरोबर ती सेवाही, संपुष्टात येते. ती मागे राहावी यासाठी 'लिंगर', म्हणजे रेंगाळण्याची मुभा, स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

या मुभेचे महत्त्व मे २०१६ मध्ये उघड झाले. सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने सत्रसमाप्तीबरोबर वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रक्रिया नष्ट करणे हा मूलनियम केला. नोहपने चालविलेली कामेही त्यातून सुटली नाहीत. बेवारस प्रक्रियांचा भार यंत्राने का वाहावा, हा एक पक्ष. दशकांची रूढी एकाएकी का मोडावी, हा दुसरा. डेबियनने जुनीच रीत कायम ठेवली. तथापि त्याच आवृत्तीने स्वतःपुरती लिंगरची मुभा व्यवस्थापकाच्या परवलीशब्दाविना घेण्याची सोय मूळ मांडणीत केली, हेही विसरता येत नाही. मागे राहण्याचा जो अधिकार पूर्वी केवळ रूढीवर उभा होता, तो आता स्पष्ट मागणीवर उभा राहिला. या इतिहासातील खरा पालट हाच होय.