लिफाफा उघडण्यापूर्वी : ऑस्करच्या अंदाजांविषयी

ऑस्करचा सोहळा आटोपला की आठवड्याच्या आत पुढच्या वर्षीच्या दावेदारांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. त्यातले बरेचसे चित्रपट तेव्हा संकलकाच्या खोलीत असतात, काहींचे चित्रीकरणही संपलेले नसते. कुणी न पाहिलेल्या चित्रपटाला पारितोषिक मिळणार की नाही हे ठामपणे सांगण्याचा हा उद्योग बाहेरच्याला पोरकट वाटतो. गंभीर समीक्षक त्याकडे पाहून नाक मुरडतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. तरीसुद्धा या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते. चित्रपट किती चांगला आहे हे या याद्यांमधून कळत नाही. कळते ते असे : एका व्यवसायातली दहा हजारांच्या आसपास माणसे मत कसे देतात, ते मत मोजले कसे जाते, आणि आपल्या धंद्याचे कोणते रूप जगाला दाखवायला त्यांना आवडते. निवडणुकांचा अभ्यास आपण गांभीर्याने करतो. ही तर एक निवडणूकच आहे, फक्त मतदार जरा बरे कपडे घालतात.

इतिहासापासून सुरुवात केलेली बरी. १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिला सोहळा झाला, तेव्हा विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली होती. अंदाज बांधायला वावच नव्हता. पुढे निकाल गुप्त ठेवून वर्तमानपत्रांना मात्र आगाऊ दिले जात, रात्री अकरानंतरच छापायचे या बोलीवर. १९४० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ती बोली मोडली. संध्याकाळच्या आवृत्तीत नावे आली आणि पाहुणे समारंभाला पोहोचले ते निकाल वाचूनच. दुसऱ्या वर्षापासून मोहोरबंद लिफाफा आला. आजचा सगळा अंदाजव्यवसाय हे त्या लिफाफ्याचे अपत्य आहे.

लिफाफ्याने आणखी एक गोष्ट कायमची झाकून टाकली. विजेता कळतो, पण कुणाला किती मते पडली हे ऑस्कर देणारी अकादमी सांगत नाही. १९३२ मध्ये फ्रेडरिक मार्च आणि वॉलेस बिअरी यांच्यात एकाच मताचा फरक होता आणि तेव्हाच्या नियमानुसार दोघांनाही पारितोषिक मिळाले, असे तपशील हाती लागतात ते अपवादानेच. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचे निकाल समोर आहेत आणि एकाही अलीकडच्या निकालाची आकडेवारी नाही. या क्षेत्रातले प्रत्येक विधान, या प्रस्तावनेतलेही, या मर्यादेत वाचावे.

आता मतमोजणीकडे वळू, कारण नव्या अभ्यासकाने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. मराठी वाचकाला ही गोष्ट एखाद्या अमेरिकन वाचकापेक्षा लवकर उमगेल. विधान परिषदेच्या निवडणुका आपल्याकडे पसंतिक्रमाने होतात. आमदारांनी निवडून द्यायच्या अनेक जागांसाठी पहिल्या पसंतीच्या मतांचा कोटा ठरतो. कोटा भरला की उमेदवार निवडून आला. पदवीधर मतदारसंघात जागा एकच असते, तिथे निम्म्याहून एक मत जास्त लागते. ते पहिल्या फेरीत कुणाला मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली जाते आणि मोजणी पहाटेपर्यंत चालते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन ठरते ते साधारण पहिल्या पद्धतीने आणि अंतिम विजेता ठरतो तो दुसऱ्या.

याचा परिणाम फार मोठा आहे. सध्या दहा नामांकने असतात. म्हणून अकराव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते, म्हणजे दहा हजारांनी मत दिले असे धरले तर नऊशेच्या वर थोडी, मिळाली की नामांकन पक्के. नऊशे माणसांनी जीव टाकावा असा चित्रपट उरलेल्या नऊ हजारांना डोळ्यांपुढे नको असला तरी चालतो. अंतिम फेरीत मात्र नेमके उलटे घडते. तिथे ज्याला बहुतेक जण दुसरा-तिसरा क्रमांक देतात आणि तळाशी फारसे कुणी ढकलत नाही, तो पुढे सरकतो. म्हणजे नामांकन मिळते ते प्रेमावर आणि विजय मिळतो तो मुख्यतः नावड नसण्यावर. उन्हाळ्यातल्या याद्या करणारे हा फरक विसरतात. कोणता चित्रपट ‘मोठा’ ठरेल ते त्यांना बरोबर कळते, आणि तोच जिंकेल असे ते धरून चालतात.

अंतिम फेरीतली ही पद्धत सध्याच्या रूपात आली २००९ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘द डार्क नाइट’ला पाच नामांकनांत जागा मिळाली नाही, त्यावर ओरड झाली आणि अकादमीने जागा दहा केल्या. मधली काही वर्षे संख्या पाच ते दहा अशी बदलती होती, पण पसंतिक्रम टिकला. २०१९ च्या सोहळ्यात अल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ दहा नामांकने घेऊन उभा होता आणि जिंकला ‘ग्रीन बुक’. २०२२ मध्ये जेन कॅम्पियनच्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारा नामांकने होती, त्याला दिग्दर्शनाचे एकच पारितोषिक मिळाले, आणि अवघी तीन नामांकने असलेल्या ‘कोडा’ने तिन्ही पारितोषिके नेली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही. ‘कोडा’ला दिग्दर्शनाचे नामांकन नव्हते, संकलनाचेही नव्हते. जुन्या ठोकताळ्यांनुसार तो शर्यतीतच नव्हता. मला स्वतःला ‘द पॉवर ऑफ द डॉग’ कितीतरी सरस वाटतो, पण मोजणीची पद्धत माहीत असणाऱ्याला त्या रात्री धक्का बसायचे कारण नव्हते.

अगदी सुरुवातीच्या याद्या तयार होतात त्या घराणे पाहून. दिग्दर्शकाला पूर्वी पारितोषिक आहे का, कथा गाजलेल्या पुस्तकावर आहे का, स्टुडिओने प्रदर्शनाची तारीख डिसेंबरात ठेवली आहे का. यात तथ्य आहे, पण नाव मोठे लक्षण खोटे असेही घडते. ‘द किंग्ज स्पीच’साठी पारितोषिक मिळवलेला टॉम हूपर, रंगभूमीवर वर्षानुवर्षे चाललेले संगीतक आणि तारेतारकांचा जथा एवढ्या भांडवलावर २०१९ मध्ये ‘कॅट्स’ अनेकांच्या यादीत होता. जुलैत त्याची झलक आली आणि ती चर्चा हास्यास पात्र झाली. स्टीव्ह मॅक्वीनचा ‘विडोज’ २०१८ मध्ये असाच वर होता. त्याला एकही नामांकन मिळाले नाही. चुकलेल्या याद्या मी टाकून देत नाही. कोणत्या वर्षी उद्योगाला आपल्याकडून काय अपेक्षित होते, हे त्यांच्याइतके प्रामाणिकपणे दुसरे कुठलेही कागद सांगत नाहीत.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरांटो हे महोत्सव पाठोपाठ येतात आणि यादी पहिल्यांदा प्रत्यक्ष चित्रपटांवर उभी राहते. टोरांटोचे प्रेक्षक-पारितोषिक बराच काळ उत्तम दिशादर्शक होते. २०१२ ते २०२३ या काळात ते मिळवणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले. हिवाळ्यात संघटनांची पारितोषिके येतात. दिग्दर्शकांच्या संघटनेचा १९४८ पासूनचा कौल ऑस्करशी जुळला नाही अशी वर्षे दहाच्या आतच आहेत. निर्मात्यांची संघटना पसंतिक्रमानेच मोजते, म्हणून तिला जास्त वजन द्यावे. समीक्षकांच्या मंडळांना वजन कमी द्यावे, कारण अकादमीत त्यांना मत नाही.

मतदार कोण, हा प्रश्न मात्र दर वर्षी नव्याने विचारावा लागतो. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची सगळी नामांकने गोऱ्यांनाच मिळाली, त्यावरून गदारोळ झाला आणि अकादमीने स्त्रिया, अल्पसंख्य वर्ग आणि परदेशी सभासद मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली. ‘पॅरासाइट’ने २०२० मध्ये इंग्रजीबाहेरच्या भाषेतला पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट होण्याचा मान मिळवला, त्यामागे हा बदल होता असे माझे मत आहे. २००५ पर्यंतच्या निकालांवर बेतलेले ठोकताळे आजच्या अकादमीला लावणे म्हणजे मतदारयादी बदलल्यावर जुन्या बूथचे हिशेब मांडत बसणे.

अंदाज हे निकालाबाहेरचे राहत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. ज्याचे नाव याद्यांत आहे त्याच्या खास खेळांना मतदार जातात, त्याच्यावर वितरक पैसा लावतो, आणि मग नाव आणखी वर चढते. याद्यांत जो नाही त्याची चित्रफीत पाहायचीच राहून जाते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अकादमीने नियम केला, की एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही. एवढी साधी गोष्ट नियमात लिहावी लागली! अंदाजांनी चढवलेले कोसळतेही. ‘एमिलिया पेरेझ’ला २०२५ मध्ये तेरा नामांकने मिळाली, मग प्रमुख अभिनेत्रीच्या समाजमाध्यमांवरच्या जुन्या नोंदी बाहेर आल्या, आणि अखेर दोन पारितोषिकांवर समाधान मानावे लागले.

आपला या सगळ्याशी संबंध काय? कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये मिळालेले ऑस्कर आपण अभिमानाने सांगतो. त्या रात्री ‘गांधी’ने अकरापैकी आठ पारितोषिके नेली होती. नामांकन त्या त्या शाखेचे सभासद ठरवतात, अंतिम मत सगळे देतात, आणि अशी लाट आली की तांत्रिक विभागही तिच्याबरोबर येतात. अथय्यांच्या कामाची थोरवी त्याने कमी होत नाही. फक्त यंत्रणा कशी चालते ते दिसते.

परभाषी विभागात मात्र आपण या यंत्रणेशी जवळजवळ अनभिज्ञ राहिलो आहोत. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे मराठी चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून गेले. नामांकन एकालाही मिळाले नाही. भारताची निवड साधारण सप्टेंबरात जाहीर होते, तोवर मेमध्ये कानला गाजलेल्या चित्रपटांची चर्चा अमेरिकेत चार महिने झालेली असते. २०२४ मध्ये कानचे ग्राँ प्री मिळवलेला पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आपल्या हाती होता, ज्याचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो. आपण ‘लापता लेडीज’ पाठवला. छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत आणि दोन्हींत उत्तम आहेत, पण अंदाजांचा अभ्यास केलेल्या कुणालाही यातला कोणता पाठवायचा हे जूनमध्येच सांगता आले असते. ‘लापता लेडीज’ पहिल्या पंधरांतही आला नाही.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकाने हॉलिवुडच्या याद्यांपाशी थांबू नये. ‘श्वास’साठी महाराष्ट्रातल्या सामान्य लोकांनी वर्गणी देऊन अमेरिकेतल्या प्रचाराला हातभार लावला होता. तो पैसा कुठे खर्च झाला, किती खेळ झाले, कोणत्या मतदारांपर्यंत चित्रपट पोहोचला, याचा सविस्तर लेखाजोखा माझ्या पाहण्यात नाही. त्या मोहिमेत असलेल्यांनी आपले कागद, पत्रे आणि जमाखर्च एखाद्या चित्रपट-संग्रहालयाकडे सोपवावेत, ही त्यांना विनंती.