खानदेशांतील शस्त्रें : गारगोटीच्या पात्यापासून काडतुसापर्यंत

शस्त्रांचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पानिपत किंवा वॉटर्लू उभें राहतें. आज मी श्रोत्यांस तापी-गिरणेच्या मुलखापासून फार लांब नेणार नाहीं. मनुष्यानें दगडापासून अग्निबाणापर्यंत जें जें हातीं धरलें, त्यांतील बरेंचसें धुळें व जळगांव ह्यांच्या आसपासच पाहावयास मिळतें. ह्या वाटचालींत एक गोष्ट मला विशेष वाटते. शस्त्राचा मारा जसजसा लांब पोंचूं लागला, तसतसे तें घडविणारा आणि चालविणारा हे एकमेकांस परके होत गेले.

चाळीसगांवजवळचें पाटणें आपणांस ठाऊक असतें तें देवीमुळें, फार तर भास्कराचार्यांमुळें. त्याच पाटण्यास पुरातत्त्वज्ञ साळी ह्यांनीं 1970 नंतरच्या दशकांत उत्खनन केलें, आणि सुमारें 25,000 वर्षांपूर्वींच्या थरांत दगडी पातीं व शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सांपडले. खानदेशांत शहामृग! पण होता खरा. त्या काळच्या शिकाऱ्यानें गारगोटीच्या जातीचा बारीक पोताचा दगड निवडावा, नेमका आघात करून त्याची लांबट पाती काढावी, एक बाजू बोथट करावी, आणि पुढें अशा लहान लहान पात्यांची रांग लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणींत डिंकानें बसवावी. एक पाती तुटली तर दुसरी. दगड निवडणारा, पाती काढणारा आणि भाला फेंकणारा बहुधा एकच.

तांबें आलें आणि दगड मागें पडला, असें आपण शाळेंत शिकतों. तापीकांठच्या प्रकाशें येथें (हें गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें, आज नंदुरबारांत आहे) 1954-55 सालीं जें उत्खनन झालें, त्यावरून तसें दिसत नाहीं. तांबें दुर्मिळ, रोजच्या धारेचें काम दगडी पातींच करीत. खरा पालट लोखंडानें केला, कारण लोखंडाबरोबर लोहार आला. शस्त्र दुसऱ्याकडून घडवून घेण्याची चाल येथून रूढ झाली.

तोफेनें तर शस्त्र हें राजाच्या खजिन्याचें काम करून टाकलें. फारुकी सुलतानांचा असीरगड 1601 च्या जानेवारींत अकबराच्या हातीं पडला आणि खानदेशाचें नांव कांहीं काळ दानदेश झालें; पण तो गड तोफांनीं फुटला नाहीं, फितुरीनें व वाटाघाटींनीं पडला. तोफेचा महिमा वर्णितांना हें विसरूं नये. थाळनेरची हकीकत ह्याहून बोलकी आहे. मंदसोरच्या तहानें होळकरांचे येथील किल्ले इंग्रजांकडे गेले. तरी थाळनेरच्या किल्लेदारानें दरवाजा उघडला नाहीं. 27 फेब्रुवारी 1818 रोजीं हिस्लॉपच्या तोफांनीं बाहेरचे दरवाजे मोकळे केले. आंतल्या दिंडींत मात्र कांहीं गोरे अधिकारी शिरतांच अरब शिबंदीनें त्यांस हातघाईंत कापून काढलें. मग इंग्रजी फौजेनें सारी शिबंदी कापली व किल्लेदारास फांशीं दिलें. ह्या फांशीबद्दल विलायतेच्या पार्लमेंटांतही प्रश्न निघाले.

भिल्लांचा तीरकामठा ह्या सर्व काळांत चालूच होता. कामठा बांबूचा, दोरीही बांबूच्याच चिवट कांबीची. तिराचें टोंक तेवढें लोहाराकडचें. 1825 सालीं औट्रमनें धरणगांवास भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लाच्या हातीं बंदूक दिली. ती सरकारी कोठारांतली. दारूही सरकारची, गोळीही सरकारची. कामठा जंगलांत पुन्हा करतां येतो, बंदूक येत नाहीं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या खाजा नाईकानें 1857 त उठाव केला, तेव्हां त्याच्याविरुद्ध ह्याच पलटणीचे भिल्ल शिपाई धाडले गेले. 11 एप्रिल 1858 रोजीं अंबापाणीस मोठी लढाई झाली.

पुढें 1878 चा हत्यारांचा कायदा आला. हत्यार कशास म्हणावें हें सांगतांना त्यानें बंदूक, तलवार, खंजीर, भाला व तोफ ह्यांच्या पंक्तीला धनुष्यबाणही बसविला! कायदे लिहिणाऱ्याच्या मनांतली भीति ह्या एका यादींत जितकी उघडी पडली आहे, तितकी मोठ्या ग्रंथांतूनही पडत नाहीं. 9 सप्टेंबर 1942 रोजीं नंदुरबारांत शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. मुलांच्या हातीं झेंडे होते, पोलिसांच्या हातीं बंदुका. अवघ्या 15 वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि आणखी चार मुलें त्या गोळीबारांत गेलीं.

स्वातंत्र्यानंतर शस्त्रांचे कारखानेच खानदेशांत आले : 1949 सालीं भुसावळास, 1964 सालीं वरणगांवास. वरणगांवीं लष्कराच्या रायफलींचीं काडतुसें होतात. तेथला कामगार आपल्याच गांवचा असतो, पण त्याच्या हाताखालून गेलेलें काडतूस कोणत्या सीमेवर उडेल हें त्याला सांगतां येत नाहीं. भुसावळास, ज्यांतून लष्कराचे अग्निबाण सुटतात, ते नळ्यांचे पेटारे तयार होतात. त्या अग्निबाणाचें नांव पिनाक; म्हणजे शंकराचें धनुष्य.